घाटात पेडल मऊ, घरी कडक: ब्रेक ऑइल बदलूनही तेच दुखणं परत येत असेल तर

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना तिसऱ्यांदा तेच झालं. घाट निम्मा संपला होता, पुढे वळण होतं, ब्रेकवर पाय दिला आणि पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही. भिजवलेल्या कणकेत बोट रुतावं तसं खाली जात राहिलं. पटापट तीन-चारदा दाबल्यावर गाडीने वेग सोडला, मी दुसरा गिअर टाकला आणि रांगत रांगत धामणगाव गढीपर्यंत पोचलो. तिथे झाडाखाली पाऊण तास थांबलो. पाऊण तासाने पेडल पुन्हा टणक. नागपूरपर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या वाटेत एकदाही तक्रार नाही. तशी गाडी घरापर्यंत चालवत आणायला नको होती, हे आज कळतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दाखवली. पोराने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ब्रेक तर एकदम ओके आहे दादा." त्याचंही खरंच होतं. थंड गाडीत हा दोष सापडतच नाही, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षं परत परत येतो.

गाडी २०१४ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा घेतल्यापासूनच्या आठ वर्षांत ब्रेक ऑइल कधी बदललंच नव्हतं. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत ते चहाच्या चोथ्याच्या रंगाचं दिसत होतं. कारण सापडलं असं वाटलं, घरीच सगळं ऑइल बदललं, पेडल छान झालं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात घाटात पुन्हा तेच. पुन्हा बदललं. तिसऱ्यांदा झालं ते डिसेंबरच्या सुट्यांत, स्वेटर घालून उतरत असताना.

हा डिसेंबर महत्त्वाचा ठरला. कारण तोवर ज्याला विचारावं तो एकच उत्तर द्यायचा: नागपूरचं ऊन. पारा ४५च्या वर जातो, नवतप्यात रस्त्यावर डांबर वितळतं, मग ब्रेक ऑइल का उकळणार नाही? पण ऑइल ४५ अंशांना उकळत नसतं. डॉट ३ दर्जाचं ताजं, कोरडं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ किमान २३० अंशांना. त्यात पाणी मुरलं की हा आकडा घसरतो. वजनाच्या ३.७ टक्के पाणी धरून प्रमाण ठरवलेलं आहे, तिथे डॉट ३ला १४० आणि डॉट ४ला १५५ अंश एवढंच किमान बंधन उरतं. म्हणजे भर उन्हातली गाडी उकळीपासून शंभर अंश लांबच असते. ते शंभर अंश चाकाजवळ, पॅड आणि डिस्कच्या घासण्यातून येतात. ऊन फार तर सुरुवात थोडी वरून करून देतं.

ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि बुडबुडे दाबले जातात. पाय सगळा जोर त्या वाफेला चेपण्यात घालवतो. चाक थंड झालं की वाफेचं पुन्हा द्रव होतं, पेडल वर येतं आणि गॅरेजवाला म्हणतो, ओके आहे.

पायाला काय जाणवतं ते आधी नीट ओळखा

"ब्रेक मऊ झाला" या एका वाक्यात निदान चार वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. पान्याला हात लावण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपू द्या, मग पाय काय सांगतो ते बघा.

पेडल थंड गाडीतही लवचिक लागतं, दाबत राहिलं की थोडं वर येतं पण टणक होत नाही: लाइनमध्ये हवा आहे. हवा काढली की हे बरं होतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर हवा कुठून तरी शिरते आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, ड्रममधल्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली आणि पाइपच्या जोडावर ओल शोधा.

पहिला दाब खोल जातो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला पेडल उंच आणि चांगलं टणक: बहुधा मागच्या ड्रममधले लायनर ड्रमपासून लांब गेलेत. याला ऑइल बदलून काही होत नाही, ड्रम उघडून अॅडजस्टर सोडवावा लागतो. कित्येक गाड्यांची हवा विनाकारण दहादा काढली जाते ती याच गैरसमजातून.

एकसारखा दाब धरून ठेवला आणि पेडल हळूहळू, बाहेर कुठेही गळती नसताना जमिनीकडे सरकतं: पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी वायसर गेले. ती गाडी रस्त्यावर काढायची नाही, मग ऑइल कितीही नवं असो.

आणि थंड गाडीत तिन्ही तपासण्या पास, फक्त उतारावर किंवा खूप ब्रेक मारल्यावर मऊ, थांबून राहिलं की बरं: हे उकळणं. ऑइल जुनं असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. पण नवं ऑइल भरून वर्षही झालं नाही आणि परत तेच, तर ऑइलला दोष देणं थांबवा. चांगलं ऑइल एका पावसाळ्यात एवढं पाणी पीत नाही. काहीतरी त्याला भाजतं आहे.

ही शेवटची गोष्ट मला आमच्या ले-आऊटमधल्या एका काकांनी सांगितली. एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बसला हवेचे ब्रेक, तिथे हवा नाही म्हणून काळजी, इथे हवा शिरली म्हणून काळजी. पण चाक तापणं सगळ्या गाड्यांना सारखंच. मी तिसऱ्यांदा बाटली घेऊन पोर्चमध्ये बसलेलो पाहिलं आणि फाटकातूनच म्हणाले, "ऑइल बदलून बदलून काय करून राहिला तू? ते कशानं तापून राहिलं ते पाह्य ना आधी."

तापणारं चाक कसं शोधलं

सकाळी थंड गाडी काढली. रिंग रोडने दहा-बारा किलोमीटर, होता होईल तो ब्रेक न मारता. परत येऊन गाडी गिअर सोडून सपाटीवर आपोआप थांबू दिली आणि तळहाताची मागची बाजू प्रत्येक चाकाच्या रिमजवळ नेली. जवळ, रिमला न टेकवता. उजवं पुढचं कोमट. डाव्या पुढच्या चाकाशी हात नेला तर चुलीसमोर धरल्यासारखी धग. ब्रेक न मारता एक चाक एवढं तापतंय म्हणजे तिथे पॅड डिस्कला सतत घासतोय.

मग ते चाक उचलून हाताने फिरवलं. उजवं दीड-दोन फेरे सहज घेत होतं, डावं अर्ध्या फेऱ्यात अडकत होतं. इथे काकांनी जी युक्ती दाखवली ती मला सगळ्यात मोलाची वाटते. चाक अडकलेल्या अवस्थेत कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करायचा. दोन थेंब उडाले आणि चाक मोकळं झालं, तर ऑइलचा दाब मागे फिरत नव्हता. एकाच चाकाला असं होत असेल तर त्या चाकाचा रबरी होज आतून सुजलेला असतो. पुढची दोन्ही चाकं धरत असतील तर मास्टर सिलिंडरकडे आणि पेडलच्या फ्री प्लेकडे (दाब लागण्याआधीच्या मोकळ्या हालचालीकडे) बघायचं. निपल सैल करूनही चाक अडकलेलंच राहिलं, तर दोष कॅलिपरच्या हालचालीत. माझं चाक अडकलेलंच राहिलं.

कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. वरची पिन बोटाने सरकली. खालची हलेना. तिच्या रबरी टोपीला बारीक चीर होती, त्यातून पावसाचं पाणी जाऊन आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं आणि पिनेला तांबूस गंज धरला होता. पॅड काढून शेजारी ठेवले तर पिस्टनकडचा तीनएक मिलिमीटर उरलेला, बाहेरचा त्याच्या दुप्पट. जोडीतल्या दोन पॅडची अशी उंची-तफावत दिसली की पिन अडकली आहे असं समजायला हरकत नाही. ही खूण दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती. चाक काढून फक्त निपल बघत होतो, पॅड कधी बघितलेच नाहीत.

पिन पिळत पिळत काढली, भोक साफ केलं, नवी पिन आणि रबरी टोप्यांचं किट बसवलं. ग्रीस लावलं ते ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉनचं, पातळ थर. बेअरिंगचं साधं ग्रीस तिथे लावू नका, त्याने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा धरते. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलले.

ऑइल मात्र त्यानंतर पुन्हा बदलावंच लागलं, कारण उकळून गेलेलं ऑइल भरवशाचं नाही आणि वाफेबरोबर थोडी हवाही राहिलेली असते. ते काम घरी कसं करतो ते सांगतो.

ऑइल बदलणं

टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं. डॉट ३ सांगितलेल्या गाडीत डॉट ४ चालतं, उलटं नको. डॉट ५.१ याच जातीचं आहे, पण नुसतं डॉट ५ म्हणजे सिलिकॉन. नाव सारखं दिसलं तरी ते यात मिसळायचं नाही. सामान असं: सीलबंद ऑइल एक लिटर (मला पाऊण लिटरच्या आसपास लागतं), निपलच्या मापाचा रिंग पाना, मेडिकलमधून सलाइनची नळी आणि मोठी सिरिंज, एक पारदर्शक बाटली, गाडी उचलल्यावर खाली लावायला घोड्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका. चाकांना पुढून-मागून विटा लावा.

ऑइल रंग खातं. बॉनेटच्या कडेला सांडलं तर पुसत बसू नका, आधी पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं. याच गुणाचा दुसरा उपयोग आहे. टाकीत कुणी चुकून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल टाकलं असेल अशी शंका असली तर सिरिंजने थोडं काढून पाण्याच्या पेल्यात सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, दुसरं तेल वर तरंगतं. तरंगलं तर थांबा. आतली सगळी रबरं फुगलेली असणार, ती सगळी बदलावी लागतात.

सिरिंजने टाकीतलं जुनं ऑइल काढून नवं भरलं की आधी सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. काही गाड्यांत लाइन तिरप्या जोडलेल्या असतात आणि कंपनी वेगळा क्रम देते; मॅन्युअलमध्ये तो असेल तर तोच धरायचा.

निपलजवळ थोडं थांबतो, कारण घरी काम बिघडतं ते इथेच. दहा वर्षांचा निपल मातीने आणि गंजाने भोकात बसलेला असतो. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, डिस्कवर आणि पॅडवर फडकं झाकून. पाना सहा कोनांचा, निपलवर घट्ट बसणारा. आधी पाना चढवायचा, मग नळी. उलटं केलं तर पुन्हा सगळं काढावं लागतं. सोडवताना पान्याच्या टोकावर हलका ठोका द्यायचा. निपल "टक्" असा आवाज करून सुटतो तेव्हा हाताला लगेच कळतं. आवाज न होता पाना रबरासारखा फिरायला लागला तर निपल पिळतोय, सोडून द्या. आत तुटलेला निपल काढणं घरचं काम नाही.

पेडलवर माझी मुलगी बसते, अकरावीत आहे. आमचे तीन शब्द ठरलेत. मी म्हणतो "दाब", ती सावकाश दाबते आणि म्हणते "दाबलं बाबा". मी पाव फेरा उघडतो, नळीतून ऑइल सरकतं, पेडल खाली जातं. "धर" म्हटलं की ती पाय तसाच ठेवते, मी निपल बंद करतो. मगच "सोड". निपल उघडा असताना पाय सुटला तर हवा आत ओढली जाते आणि आतापर्यंतचं काम वाया. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो, म्हणजे ते तळाला टेकत नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोजच्या वापरात वायसर जिथवर जातात त्याच्या पलीकडे गंजाचा खडबडीत पट्टा असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की वायसर त्यावर घासून फाटतात. ऑइल बदलल्यावर आठवड्याभरात मास्टर सिलिंडर जातो आणि लोक नव्या ऑइलला शिव्या देतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हे.

नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं असू द्या. आधी काळपट, मग पिवळसर, मग जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ ऑइल येतं. मोठे बुडबुडे थांबले पाहिजेत. पण अगदी बारीक, एकसारखे बुडबुडे येतच राहिले आणि पेडल टणक असेल तर घाबरू नका. ती हवा निपलच्या आट्यांमधून नळीत शिरते, लाइनमधून येत नाही. पहिल्या वेळी मी याच बुडबुड्यांमागे अख्खी बाटली संपवली. दर आठ-दहा दाबांनी टाकी बघायची, पातळी खालच्या खुणेच्या वर. टाकी रिकामी पडली तर पहिल्यापासून सुरुवात.

निपल मनगटाच्या जोराने घट्ट करा, दंडाच्या नव्हे. शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल जोरात मिनिटभर धरा आणि दुसऱ्याला चारही निपल कोरड्या बोटाने चाचपायला सांगा. मग पेडलवर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल जरासं खाली येऊन थांबलं पाहिजे, हे बूस्टरचं काम आहे. थांबलं नाही, सरकत राहिलं, तर गाडी फाटकाबाहेर नेऊ नका. सगळं ठीक असेल तर आधी ले-आऊटच्या रिकाम्या रस्त्यावर पायी चालण्याच्या वेगाने चार-पाच ब्रेक मारून बघा.

एक सवय मला उशिरा कळली. ऑइल उरलेली बाटली मी झाकण लावून कूलरच्या स्टँडखाली ठेवत असे आणि पुढच्या वर्षी तीच वापरत असे. दुसऱ्या वेळी भरलेल्या ऑइलमध्ये तेही होतं. जुलै-ऑगस्टची ओली हवा त्या बाटलीत शिरलेली असणार. नव्या ऑइलच्या नावाने मी ओलं ऑइलही ओतलं. आता छोट्या बाटल्या आणतो आणि उघडलेली संपवतो, नाहीतर टाकून देतो. साधारण दोन वर्षांनी बदलतो, रंग बघून नाही. रंगावरून पाण्याचा पत्ता लागत नाही. तारीख कागदी टेपवर लिहून टाकीला चिकटवलेली आहे.

टाकीतली पातळी हळूहळू कमी होत गेली तर लगेच वरून भरू नका. पॅड झिजले की पिस्टन पुढे येतात आणि तेवढं ऑइल खाली उतरतं. पॅड बघा. पॅड जाड असूनही पातळी उतरली असेल तर गळती आहे.

एबीएस असलेल्या गाडीत वरची पद्धत साधं ऑइल बदलायला चालते, टाकी रिकामी पडू दिली नाही तर. एबीएसच्या ब्लॉकमध्ये एकदा हवा गेली की कित्येक गाड्यांत ती काढायला पंप आणि व्हॉल्व्ह चालवणारं स्कॅनर लागतं. ते काम गॅरेजचं. जुनं ऑइल नालीत किंवा झाडाच्या बुंध्याशी नको. बाटलीत भरून गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या ड्रमवाल्याला विचारून द्या.

पिन बदलल्यानंतर त्याच घाटातून तीनदा उतरलो, एकदा ऐन मे महिन्यात. आता वरूनच दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, ब्रेक थोडा वेळ जोरात आणि मग पूर्ण सोडून. सतत पाय टेकवून ठेवत नाही. धामणगाव गढीला थांबलो की चारही चाकांजवळ हात नेऊन बघतो. पुढची दोन्ही सारखीच गरम असतात.